खाडीपुलावरची धडधड : एक प्रकरण अभ्यास

मेघनाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत जाडजूड फाइल होती. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिलवर चालवून केलेली स्ट्रेस टेस्ट, छातीचा एक्स-रे, थायरॉइड, साखर. सगळं नॉर्मल. शेवटच्या कागदावर त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘वारंवार धडधड, श्वास कोंडणे, बोटांना मुंग्या. हृदयविकार नाही. समुपदेशनासाठी पाठवत आहे.’ वय ४७. राहायला वसईला, नोकरी चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात, वरिष्ठ लिपिक. घरी नवरा, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. माझं क्लिनिक दादर पश्चिमेला, म्हणजे त्यांच्या परतीच्या वाटेवर. हे किरकोळ वाटेल, पण वाट वाकडी करावी लागली असती तर आपण दुसऱ्यांदा आलोच नसतो, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

नाव अर्थातच बदललं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि एक-दोन गोष्टी दुसऱ्या प्रकरणांतून इथे आणल्या आहेत.

‘समग्र उपचार’ ही पाटी हल्ली मुंबईत गल्लोगल्ली दिसते. तिच्याखाली बहुधा एक पॅकेज असतं : थोडं ध्यान, थोडा योग, आहाराचा तक्ता, सुगंधी तेलं, जमल्यास चक्रं. येणारा कुणीही असो, ताट तेच. मला हे पटत नाही. माणसाकडे सगळ्या बाजूंनी बघायचं, ते त्याला नेमकं काय द्यायचं, आधी काय द्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवता यावं म्हणून. शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करा, असं जॉर्ज एंगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना पाठ आहे. फाइल उघडली की मात्र जो तो आपापलंच पान वाचतो. मेघनाताईंच्या फाइलचंही तेच झालं होतं.

झटका

पहिला झटका जानेवारीतला. सकाळची चर्चगेट फास्ट, लेडीज डबा, नायगाव सुटलेलं. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये वसईची खाडी लागते. मधे पाणजू बेट, दोन्ही बाजूंना पाणी. रोजच्या बायका तेवढ्यात पदर-ओढणी सावरून गार वारा घेतात. त्या दिवशी गाडी सिग्नल नसल्यामुळे पुलावरच थांबली. मेघनाताईंची छाती धडधडायला लागली, हाताची बोटं बधिर झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. “आता मी मरणार, एवढंच डोक्यात होतं. नंतर स्वतःचंच हसू आलं. पण ते नंतर.” बायकांनी उठून विंडो दिली, कुणी पाणी, कुणी पेपरमिंटची गोळी. भाईंदरला दोघींनी उतरवलं आणि रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथे पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल.

त्यानंतर असे झटके येतच राहिले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची धास्ती बसली. पॅनिक डिसऑर्डरचं निदान करताना आम्ही हेच बघतो : झटका अचानक येतो, काही मिनिटांत शिगेला पोचतो, आणि पुढे महिनाभर तरी माणूस ‘परत येईल’ या भीतीत जगतो किंवा वागणं बदलून टाकतो. मेघनाताईंनी वागणं केवढं बदललं होतं! फास्ट गाडी सोडली. जी मिळेल ती पकडून बोरिवलीपर्यंत यायचं आणि तिथून सुटणारी स्लो धरायची, कारण स्लोला दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन येतं. फास्टला बोरिवली सुटली की अंधेरीपर्यंत उतरायची सोय नाही. खाडीपूल काही टाळता येत नव्हता, म्हणून तेवढा वेळ डोळे मिटून नामस्मरण. ऑफिसात लेट मार्क साचले. घरच्यांनी मायेने सुचवलं, एसी लोकलचा पास काढ, गर्दी कमी. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झालेली ही गाडी अनेकांना वरदान वाटते. मेघनाताईंना तीच सर्वांत वाईट गेली, कारण तिची दारं आपोआप बंद होतात.

पर्समध्ये काय काय असायचं तेही मी विचारलं. पाण्याची बाटली, साखर, नवऱ्याचा आणि भावाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलॅमची, म्हणजे भीती तात्पुरती दाबणाऱ्या, सवय लावणाऱ्या गोळ्यांची पट्टी. कुणीतरी ‘घाबरल्यासारखं झालं की घ्या’ म्हणून दिलेली. त्या ती घाबरायच्या आधीच घेत होत्या, अर्धी, वसईच्या फलाटावर.

पॅनिकवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या उपचाराचा, चांगला परिणाम होतो, हे पुरेसं सिद्ध झालं आहे. त्याची आखीव पद्धत आहे आणि ती पहिल्याच भेटीत सुरू करता आली असती. मी आधी त्यांचा दिवस समजून घ्यायचं ठरवलं.

पहाटे चारपासून

दिवस म्हणजे खरोखर दिवस. किती वाजता उठता, उठल्यावर पहिलं काय करता, मग काय. त्यांच्या इमारतीत पाणी पहाटे येतं, म्हणून सव्वाचारला उठणं. पिंप भरता भरता कणीक. चार जणांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता वेगळा, त्यांना मधुमेह. सातच्या सुमाराला गाडी. रात्री आठ-सव्वाआठला घरी, स्वयंपाक, ओटा आवरून पाठ टेकायला पावणेबारा. झोप साडेचार तास, वर्षानुवर्षं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. मेघनाताई नोकरी सांभाळून त्या सरासरीच्या पुढे होत्या.

“उठल्यावर पहिलं काय?”

“चहा. चहाबरोबर ती लाल गोळी घेते, रक्तवाढीची. नाहीतर दिवसभर विसरते.”

इथे मी थांबले. फाइल परत उघडली. सगळ्या नॉर्मल कागदांच्या मधे एक साधा सीबीसी, म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीचा कागद होता, दोन महिन्यांपूर्वीचा. हिमोग्लोबिन ९.१. लॅबने आकडा ठळक छापला होता, पण सगळे हृदय शोधत असल्यामुळे त्यावर कुणी बोललंच नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या हे त्यांचं श्रेय, पण चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी फारसं लागत नाही. चहातलं टॅनिन ते धरून ठेवतं. आणि रक्त कमी असलं की धडधड, दम लागणं, चक्कर या गोष्टी पॅनिकशिवायही होतात. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. चिंतेची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन विचारायला मानसोपचारात कुणाची हरकत नसावी.

मग पाळीबद्दल विचारलं. त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. आठ-नऊ दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड. वसई ते चर्चगेट उभ्याने जाताना डाग पडेल की काय या काळजीने त्या दिवसांत गडद रंगाचेच कपडे. घरात, मैत्रिणींत, एकदा एका दवाखान्यातही उत्तर एकच मिळालं होतं : या वयात असं होतंच. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ निघाली. नव्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ होतं. गोळ्यांवर वेळ न घालवता डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं, रक्तस्राव कमी करायचं औषध दिलं आणि फायब्रॉइडचं पुढे बघू म्हणाल्या.

एखाद्याला वाटेल, सापडलं कारण, मिटलं प्रकरण. तसं नव्हतं. रक्तक्षयाने धडधड होते, पण त्या धडधडीला ‘आता मी मरणार’ असा अर्थ लागतो तो मनात. आणि हा अर्थ मेघनाताईंना नेमका जानेवारीपासून का लागायला लागला, हे अजून कळलं नव्हतं. रक्तस्राव तर तीन वर्षांपासून होता.

तिसरी सीट

ते कळलं एका साध्या प्रश्नाने. गाडीत तुम्ही कुठे बसता?

लेडीज डब्याचा नकाशा रोजच्या बायकांच्या डोक्यात पक्का असतो. कोण कुठे चढते, कोण कुठे उतरते, कुणाची सीट कुणाला ‘सांगून ठेवलेली’. मेघनाताई म्हणाल्या, “आमचा सहा जणींचा ग्रुप. मी उभी असायचे, दहिसरनंतर रेखा मला तिची सीट द्यायची. खिडकीपासून तिसरी.” आणि मग, पर्सची चेन उघडत-लावत, “आता ती माझीच सीट आहे.”

रेखाताई नालासोपाऱ्याच्या. सतरा-अठरा वर्षांची गाडीतली मैत्री. एकमेकींच्या मुलांची बारशी, मेथी निवडणं, मटार सोलणं, दिवाळीचा फराळ, दसऱ्याला डब्याला लावलेली झेंडूची तोरणं, सासवांची गाऱ्हाणी. गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी रात्री रेखाताई हृदयविकाराच्या झटक्याने घरीच गेल्या. वय ५१. सोमवारी सकाळी त्यांच्या मुलाचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा बाकीच्या जणी गाडीत होत्या. अंत्यसंस्कार दुपारी बाराला. कुणालाच रजा नव्हती. सगळ्या आपापल्या ऑफिसात गेल्या.

गाडीतल्या मैत्रिणीचं सुतक नसतं. मेघनाताईंच्या घरी रेखा हे फक्त ऐकलेलं नाव होतं. नवऱ्याने “अरेरे, फारच लवकर” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मखराचं सामान आणायचं होतं. त्या रडल्या नव्हत्या असं नाही, पण कुठे रडल्या तर ऑफिसच्या बाथरूममध्ये. सांत्वनाला कुणाकडे जायचं नव्हतं आणि त्यांच्याकडे कुणी यायचं नव्हतं. जानेवारीपर्यंत ग्रुपमधल्या आणखी एकीची बदली झाली, जागा सरकल्या आणि ती तिसरी सीट मेघनाताईंकडे आली. पहिला झटका आला त्या दिवशी त्या तिथेच बसल्या होत्या. पाळीचा दुसरा दिवस होता.

आता ‘मरणार’ या शब्दामागे कोण आहे ते दिसलं. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेलं नाही’ या वाक्याने त्यांना धीर का येत नव्हता, तेही दिसलं. रेखाताईंनाही आदल्या दिवसापर्यंत काहीही झालेलं नव्हतं.

काय करायचं, काय नाही

मी कागदावर त्यांच्यासमोरच मांडणी केली. रक्त कमी, झोप कमी, म्हणून शरीर आधीच ताणलेलं. त्यावर मैत्रिणीचा मृत्यू, ज्याला वाट मिळाली नाही. म्हणून धडधडीचा अर्थ भलताच लागतो. भलत्या अर्थाने भीती, भीतीने श्वास भराभर. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या, डोकं हलकं, आणि ते पाहून आणखी भीती. या चक्राचं मानसशास्त्रीय स्पष्टीकरण डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दिलं. मेघनाताईंनी कागद हातात घेतला, बोट फिरवलं आणि विचारलं, “मग यात वेड कुठे आहे?” कुठेच नव्हतं.

क्रम असा ठरला : आधी रक्त आणि झोप, मग पॅनिकचं काम, रेखाताईंचं बोलणं मात्र आधीपासून सगळ्याच्या बरोबरीने. वगळायच्या गोष्टीही ठरल्या. ध्यानाचं अ‍ॅप नाही. ज्या बाईला पहाटे सव्वाचारला उठावं लागतं तिला आणखी वीस मिनिटांचं काम देणं हा उपचार होत नाही. कृतज्ञतेची वही नाही. आहाराचा तक्ता नाही, फक्त चहा आणि औषधं यांच्यात दोन तासांचं अंतर. आणि सोसायटीतला योगवर्ग तात्पुरता बंद. योगाशी माझं भांडण नाही, पण त्या वर्गात रोज जोरात कपालभाती करून घेत आणि मेघनाताईंना दोनदा तिथेच झटका आला होता. ‘शरीरातली घाण निघते आहे’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं. कमी रक्त असलेल्या, श्वासाला घाबरलेल्या माणसाला भराभर श्वास सोडायला लावला तर दुसरं काय होणार? आम्ही फक्त सावकाश श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब, तोही झोपताना, एवढंच ठेवलं.

औषधाचा प्रश्न मी माझ्याकडे ठेवला नाही. मी बोलण्यातून उपचार करते; औषध लिहून देणं हे सायकिअ‍ॅट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरांचं काम. त्यांनी मेघनाताईंना नीट समजावलं : पॅनिकवर रोज घ्यायची, सवय न लावणारी औषधं आहेत, सहा आठवड्यांत फरक नसेल तर ती सुरू करू. अल्प्राझोलॅम मात्र हळूहळू कमी करून बंद. मेघनाताईंनी थांबायचं ठरवलं. तो त्यांचा निर्णय होता आणि योग्य होता. पण औषध न घेणं हा काही पराक्रम नाही. त्यांच्या जागी नैराश्यही असतं किंवा त्या घराबाहेर पडायच्याच थांबल्या असत्या, तर मी औषधासाठी आग्रह धरला असता. जीव नकोसा वाटतो का हे मी स्पष्ट विचारलं होतं; तसं नव्हतं, उलट जिवाचीच काळजी होती. रात्री-अपरात्री फारच घाबरायला झालं तर फोन करायला १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

झटक्यांची नोंद त्या कॅलेंडरवरच करत होत्या, कारण वेगळी वही घरात कुणाच्याही हाती लागली असती. दोन महिन्यांची पानं समोर ठेवली तर वाईट दिवस दोन जागी दाटलेले. एक पाळीचे दिवस, आणि दुसरा संकष्टीचा. संकष्टीला त्या चंद्रोदयापर्यंत फक्त चहावर असायच्या. साडेचार तास झोप, कमी रक्त, रिकामं पोट, पाच कप चहा. उपास सोडा असं मी म्हटलं नाही. ते माझं काम नाही आणि त्याने त्या माझ्यापासून तुटल्या असत्या. नोंद फक्त दाखवली. पुढच्या वेळी त्या हसत आल्या. त्यांनी सासूबाईंना विचारलं होतं आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, फळं-दूध चालतंच की उपासाला. चहावर राहायला तुला सांगितलं कुणी?”

घरातली बैठक

झोपेचं गणित पाण्यापाशी अडलं होतं. त्यासाठी एका शनिवारी नवऱ्यालाही बोलावलं, मेघनाताईंच्या परवानगीने. आधी त्या काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवून आल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे, नवऱ्याला नाही, हे मी त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.

ते भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. सरळ माणूस. म्हणाले, “मॅडम, मी हिला रोज सांगतो, मनातून काढून टाक.” मग पाण्याचा विषय निघाल्यावर, “मी भरायला नाही कधी म्हटलं? हीच भरू देत नाही. मी भरलं तर पिंपाचं झाकण नीट नाही, गाळणं लावलं नाही.” मेघनाताईंनी ते नाकारलं नाही. दोघंही खरं बोलत होते. पुरुषांच्या आळसाची तक्रार मी रोज ऐकते आणि ती बहुतेक वेळा खरीच असते. पण कामाचा ताबा सोडताना बाईला जे वाटतं तेही खरंच असतं. सगळं आपण पाहिलं नाही तर घर कोसळेल, हा विश्वास तर्काने तपासावा लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, जी कि. मो. फडके यांच्यामुळे मुंबईत आणि मराठीत रुजली, ती इथे कामाला आली. काय होईल? पाणी भरायचं राहील. मग काय होईल? एक दिवस टंचाई. मग? मेघनाताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग काही नाही. मी चिडेन.”

चिडण्याला परवानगी देऊन ठराव झाला : आठवड्यातले चार दिवस पाणी मुलगा आणि वडील भरतील, आणि त्या दिवशी मेघनाताई साडेपाचपर्यंत अंथरुणातून उठणार नाहीत, जाग आली तरी. दुसऱ्याच आठवड्यात मुलगा गजर बंद करून झोपला आणि पिंप कोरडं राहिलं. सगळ्यांनी तोंडं धुतली पिण्याच्या पाण्याने. त्या उठल्या नाहीत. आमच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती.

पुलावर

जूनपर्यंत हिमोग्लोबिन ११.२ वर आलं. नुसत्या धडधडीचे प्रकार बरेच कमी झाले, पण खाडी आली की भीती यायचीच. आता पॅनिकचं काम हाती घेतलं.

डॉक्टरांना विचारून मी त्यांना क्लिनिकमध्ये तेच कपालभाती करायला सांगितलं, एक मिनिट, जोरात. बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. “हेच! अगदी हेच होतं पुलावर!” त्यांच्या चेहऱ्यावर भीती आणि आश्चर्य एकदम. तेच सगळं, खुर्चीत बसून, स्वतःच्या श्वासाने, आणि दोन मिनिटांत आपोआप ओसरलेलं. हे मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी पटलं नसतं. घरीही त्या हे रोज करायला लागल्या. मुलीला दाखवलं, मुलगीही करून बघायची.

मग गाडी. पहिली पायरी रविवारी दुपारी वसई ते नायगाव, मुलीबरोबर. दुसरी नायगाव ते भाईंदर, डोळे उघडे ठेवून, मुलगी शेजारी. मग तोच प्रवास एकटीने. मग बोरिवली. मग बोरिवली ते अंधेरी फास्ट, दुपारची रिकामी. मग सकाळची नेहमीची गाडी. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं, काय झालं. नायगाव–भाईंदरच्या पहिल्या फेरीआधी लिहिलं होतं, ‘चक्कर येऊन पडेन.’ नंतर लिहिलं, ‘पडले नाही. धडधड झाली. पाणजूला होडी दिसली.’ पर्समधल्या वस्तू एकेक करून कमी केल्या : आधी साखर, मग चिठ्ठी, सर्वांत शेवटी गोळ्यांची पट्टी, तीही आधी घरच्या कपाटात गेली आणि मग डॉक्टरांकडे परत. पाण्याची बाटली ठेवली. मुंबईच्या उकाड्यात ती कुणाच्याही पर्समध्ये असते.

रेखाताईंबद्दल त्या दर भेटीत बोलायच्या, कधी पाच मिनिटं, कधी पूर्ण तास. एकदा सहज म्हणाल्या, रेखाचा एक डबा अजून माझ्याकडे आहे, गोळ्यांच्या आमटीचा. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेलं. माळ्यावर ठेवून दिला होता. तो दिसू नये म्हणून पापडांच्या डब्यामागे. परत द्यायला जायला हवं होतं, पण रेखाच्या घरच्यांना काय म्हणायचं? त्यांना मेघना कोण हे तरी माहीत आहे का? आम्ही यावर बरंच बोललो. रिकामा डबा परत करत नाहीत, तेव्हा त्यात काय न्यायचं यावरही बोललो. शेवटी बेसनाचे लाडू घेऊन त्या आणि ग्रुपमधली आणखी एक, अशा दोघी नालासोपाऱ्याला गेल्या. रेखाताईंच्या मुलाने दार उघडलं आणि नाव ऐकताच म्हणाला, “मेघनामावशी ना? गोळ्यांची आमटी?” त्याला सगळ्यांची नावं पाठ होती. आई रोज घरी आली की गाडीतलंच सांगायची.

त्या भेटीनंतर तिसऱ्या सीटवर बसल्या की रेखा आठवते, पण ‘पुढचा नंबर माझा’ असं आता वाटत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आज

जुलैत एका मुसळधार दिवशी रुळांवर पाणी आलं आणि गाडी मिरा रोडच्या अलीकडे तासभर थांबली. मेघनाताईंना जोराचा झटका आला. पुढचे चार दिवस त्या परत बोरिवलीहून स्लोने गेल्या आणि फोनवर म्हणाल्या, सगळं वाया गेलं. गेलं नव्हतं. पाचव्या दिवशी फास्ट पकडली, कारण लेट मार्कचा कंटाळा आला. असे झटके पुढेही अधूनमधून येतील हे मी आधीच सांगितलं होतं. महत्त्व झटक्याला नाही, त्यानंतरच्या आठवड्यात माणूस काय करतो त्याला आहे.

ऑगस्टपासून भेटी महिन्यातून एकदा केल्या. झोप सहा तासांच्या आसपास आहे, आठवड्यातले चार दिवस. उरलेले तीन दिवस पाणी अजून त्याच भरतात आणि त्यावरून घरात अजून धुसफूस आहे. ऑफिसात त्यांनी ‘बीपीसाठी डॉक्टरकडे जाते’ असंच सांगितलं आहे. खरं सांगायची त्यांना गरज वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. एसी लोकलने त्या एकदाच गेल्या, थंडी वाजली म्हणाल्या. फायब्रॉइडचा निर्णय बाकी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी एक वस्तू बसवायचा पर्याय सुचवला आहे, सासूबाई ऑपरेशनच्या बाजूच्या आहेत, मेघनाताईंचं ठरलेलं नाही. दिवाळीनंतर सीबीसी आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करायची आहे. ते आल्यावर मी, त्या आणि त्यांच्या डॉक्टर तिघी एकदा एकत्र बोलणार आहोत.